डोळा बरा झाला, कान गेला

डोळा लाल झाला की घरभर कळतं. शेजारच्या काकू विचारतात, ऑफिसातले लोक दोन हात लांब उभे राहतात, औषधाच्या दुकानातला मुलगा न विचारता थेंबांची बाटली पुढे करतो. कानाच्या आत काही बिघडलं तर यातलं काहीच होत नाही. तो लाल होत नाही, सुजत नाही, बहुतेक वेळा दुखतही नाही. माझ्या धाकट्या बहिणीला जो आजार झाला तो डोळा आणि आतला कान या दोघांवर चालून येतो. त्याचं नाव कोगन सिंड्रोम. तिचा डोळा आज जवळजवळ पहिल्यासारखा आहे. कान गेले. हे लिहिते आहे ते त्या कानांसाठी. आजार फार विरळा, जगभरच्या वैद्यकीय नियतकालिकांत मिळून काही शे रुग्णांचीच नोंद असलेला. पण त्याची सुरुवात ज्या दोन तक्रारींनी होते, लाल डोळा आणि चक्कर, त्या नागपुरात दर उन्हाळ्यात घरोघरी असतात. त्या एकाच माणसाला एकामागोमाग झाल्या, तर दोन्ही एकाच दमात डॉक्टरला सांगायच्या असतात. एवढं कुणाच्या लक्षात राहिलं तरी मला पुरे आहे.

तिचं सुरू झालं होळीनंतर. डावा डोळा लाल, सारखं पाणी गळणं, उजेड सहन न होणं. नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या घराला पुढे मोठी खिडकी आहे, ती भर सकाळी लावून घ्यायची. सगळ्यांनी 'डोळे आले' म्हटलं. पण डोळे आले की सकाळी चिपडांनी पापण्या चिकटतात, आणि घरातल्या आणखी कुणाला तरी ते होतातच. इथे चिपडं नव्हती. दुसऱ्या कुणाला काही झालं नव्हतं. दुखणं खोल होतं आणि दिसत होतं धुरकट. डोळ्यांच्या डॉक्टरांनी स्लिट लॅम्पखाली पाहून सांगितलं की हे वरवरचं नाही, कॉर्नियाच्या मधल्या थरात सूज आहे.

कॉर्निया म्हणजे बुबुळापुढचा पारदर्शक पडदा. जाडी अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास. त्यात एकही रक्तवाहिनी नसते, म्हणूनच त्यातून आरपार दिसतं. मधल्या थरात सूज आली की गढूळ ठिपके पडतात, आणि ती बराच काळ राहिली तर कडेने रक्तवाहिन्या आत शिरू लागतात. याला इंटरस्टिशियल केरॅटायटिस म्हणतात. डॉक्टरांनी स्टेरॉइडचे थेंब दिले, बाहुली मोठी करणारे थेंब दिले, आणि दोन्ही लागू पडले. काही दिवसांतच खिडकी पुन्हा उघडली. या डॉक्टरांबद्दल माझ्या मनात कृतज्ञताच आहे. डोळ्याचं निदान त्यांनी अचूक केलं होतं आणि डोळा वाचवला होता.

मग मे महिना आला. नागपूरचा मे ज्यांनी काढला आहे त्यांना वेगळं सांगायला नको. पारा 45 च्या वर, दुपारी रस्ते ओस, खिडक्यांना वाळ्याच्या ताट्या. एका सकाळी ती पलंगावरून उठली आणि खोली तिच्याभोवती फिरू लागली. डोळ्यापुढे अंधारी येणं वेगळं. इथे भिंती खरोखर गरगरत होत्या, पलंगाची कड धरूनही थांबत नव्हत्या. ओकाऱ्या झाल्या. आई म्हणाली, "ऊन लागलं असन इले. काल भर दुपारी बँकेतून आली ना." कैरीचं पन्हं झालं, पायांच्या तळव्यांना कांदा चोळून झाला, खिशात कांदा ठेवून झाला. चक्कर दुसऱ्या दिवशी ओसरली. आठवड्याने पुन्हा आली. सोबत कानात शिट्टी वाजल्यागत आवाज, जो तिच्याशिवाय कुणाला ऐकू येत नव्हता.

आणि घरात कूलर. आमच्याकडचा कूलर जुना, पत्र्याचा, त्याच्या घरघरीत सगळेच ओरडून बोलतात. उन्हाळ्याचे तीन महिने नागपुरातली निम्मी घरं अशीच बोलतात. तिनं 'काय?' विचारलं की आम्ही कूलरकडे बोट दाखवायचो, टीव्हीचा आवाज वाढवला की वाटायचं, कूलरच्या वरताण हवा ना. शिवाय या आजारात ऐकू येणं एका सरळ रेषेत उतरत नाही. चार दिवस कमी, मग दोन दिवस चांगलं, मग पुन्हा कमी. मृगाचा पाऊस पडला, कूलर बंद झाला, घर शांत झालं. त्या शांततेत ती तितक्याच वेळा 'काय?' विचारत होती.

एका रुग्णालयात सांगितलं गेलं की मुलगी तिशीला आली, लग्नाचं टेन्शन असेल, चक्कर त्यानंच येते. हे वाक्य किती तरुण मुलींना ऐकवलं जात असेल! मग कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे गेलो. तिथे साउंडप्रूफ खोलीत बसवून ऑडिओमेट्री झाली, आणि कागदावरची दोन्ही कानांची रेघ खाली घसरलेली दिसली. फाइलवर लिहिलं गेलं, मेनिएर. चक्कर, शिट्टी, कमी-जास्त होणारी श्रवणशक्ती असं त्रिकूट असलं की हेच नाव आधी मनात येतं. प्रॉस्पर मेनिएर या फ्रेंच वैद्यानं 1861 मध्ये पहिल्यांदा ठामपणे मांडलं की असली चक्कर मेंदूतून नव्हे, आतल्या कानातून येऊ शकते. त्याच्या नावाचा आजार एरवी बहुतेकदा एका कानात सुरू होतो आणि वर्षानुवर्षं रेंगाळतो. तिचे दोन्ही कान काही आठवड्यांतच उतरत होते.

धंतोलीत डोळ्यांचा दवाखाना आणि कानांचा दवाखाना चालत पाच मिनिटांवर. पण फाइली दोन, वेळा दोन, आणि प्रत्येक ठिकाणी विचारले जाणारे प्रश्न त्या त्या अवयवापुरते. डोळ्याचा अध्याय घरच्यांच्या लेखी केव्हाच संपला होता. शेवटी एका तरुण कान-तज्ज्ञ मुलीनं, नुकतीच शिकून आली असावी, सहज विचारलं, "डोळ्याला कधी काही झालं होतं का?" बहीण म्हणाली, हो, मार्चमध्ये. मुलीनं पेन खाली ठेवलं आणि डोळ्यांची फाइल मागितली. संध्याकाळपर्यंत संधिवाततज्ज्ञांची वेळ ठरलेली होती, कारण शरीर स्वतःवरच उठतं असे आजारही तेच पाहतात.

डेव्हिड कोगन हा अमेरिकन नेत्रतज्ज्ञ. 1945 मध्ये बोस्टनमध्ये त्यानं या दोन अवयवांच्या दुखण्याची एक जोडी म्हणून मांडणी केली. 1934 मध्ये मॉर्गन आणि बाउमगार्टनर या दोघांनी असा एक रुग्ण नोंदवला होता, पण आजाराला ओळख मिळाली ती कोगनमुळे. त्याच्या लेखाच्या नावातच 'सिफिलिसमुळे न झालेला' असा उल्लेख होता (सिफिलिस म्हणजे शरीरसंबंधातून पसरणारा गुप्तरोग), आणि त्यामागे मोठी पार्श्वभूमी आहे. एकोणिसाव्या शतकात लंडनच्या जोनाथन हचिन्सननं जन्मजात सिफिलिसच्या तीन खुणा सांगितल्या होत्या: खाचा पडलेले पुढचे दात, कॉर्नियाची हीच सूज, आणि बहिरेपण. त्यामुळे गढूळ कॉर्निया आणि बहिरेपण एकत्र दिसले की डॉक्टर सिफिलिसच म्हणत. 1906 मध्ये सिफिलिस ओळखणारी वासरमनची रक्तचाचणी आली, आणि पुढे हळूहळू ध्यानात आलं की काही माणसांत जोडी तीच आहे पण रक्तात सिफिलिस नाही. ती माणसं कोगननं वेगळी काढली.

हा इतिहास मी का सांगते आहे? कारण त्यामुळे आजही या आजाराचं निदान करताना पहिली तपासणी सिफिलिसचीच करावी लागते. व्हीडीआरएल असं तिचं नाव कागदावर येतं, आणि लॅबमध्ये काउंटरवरचा माणूस ते मोठ्यानं वाचतो. आईला त्याचा अर्थ कुणीतरी सांगितला. ती रात्रभर झोपली नाही. सकाळी मला स्वयंपाकघरात ओढून म्हणाली, "काहून करायले लावली ही टेस्ट? आपली पोरगी तशी आहे का?" बहीण अंगणात होती. आईला वाटलं तिला ऐकू येणार नाही, आणि ते खरंच होतं, पण आईचा चेहरा तिला दिसला. डॉक्टरांनी दोन मिनिटं काढून सांगितलं असतं की आधी सिफिलिस आणि टीबी बाजूला काढल्याशिवाय पुढचं औषध देता येत नाही, ते औषध प्रतिकारशक्ती दाबणारं आहे आणि आत लपलेला जंतू त्याने उफाळतो, तर ती रात्र टळली असती. मी सांगितलं. तिला पटलं. पण तपासणी लिहिताना कारण सांगणं हा उपचाराचाच भाग आहे असं माझं ठाम मत झालं आहे, विशेषतः आपल्याकडे, जिथे रक्ताच्या एका चाचणीच्या नावावरून मुलीचं चारित्र्य तोललं जातं.

सिफिलिस नव्हता. टीबी नव्हता. शरीरातला दाह दाखवणारे ईएसआर आणि सीआरपी वाढलेले. हृदयाची इको झाली, कारण दहातल्या एखाद्या रुग्णात हा आजार महाधमनीलाही गाठतो. ती सुदैवाने ठीक होती. कोगन सिंड्रोम सिद्ध करणारी एकच अशी रक्तचाचणी नाही. डोळ्याची सूज, कानाची हानी, दोन्हींमधलं थोडकं अंतर आणि बाकीच्या कारणांचा निकाल यांवरून डॉक्टर तिथपर्यंत पोचतात. 2012 मध्ये रक्तवाहिन्यांच्या दाहाच्या आजारांची जी आंतरराष्ट्रीय वर्गवारी झाली तिच्यात याला बेशेट आजाराच्या शेजारी जागा मिळाली. हा संसर्गानं पसरत नाही. आईबापांकडून येत नाही. शरीराची स्वतःचीच संरक्षक यंत्रणा स्वतःच्या पेशींवर उठते, एवढं माहीत आहे.

त्या वर्षी पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबत निघाली, रोगराई आणि इडापिडा सोबत घेऊन जाणाऱ्या पुतळ्याची मिरवणूक. काळी आणि पिवळी मारबत महालात राहणाऱ्यांना लहानपणापासून घरच्या. 1880 च्या दशकापासून निघतात म्हणतात. सगळे ओरडतात, "खोकला घेऊन जा गे मारबत!" आई दारात उभी राहून जिवाच्या आकांताने ओरडली, "माह्या पोरीची कानाची पीडा घेऊन जा गे मारबत!" मी तिच्या शेजारी होते. गर्दीत कुणाच्या घरचं काय काय त्या पुतळ्याबरोबर जायचं होतं कोण जाणे. मला मात्र एकच गोष्ट छळत होती की आमच्या घरी जे आलं होतं ते बाहेरून आलंच नव्हतं. हाकलायचं कुणाला? ज्या पेशींनी तिला आजवरच्या प्रत्येक तापातून बाहेर काढलं त्याच या पेशी. त्यांना ठार करायचं नाही, फक्त दाबून धरायचं, आणि तेही बेतानं.

दाबायला पहिलं औषध प्रेडनिसोलोन, हे एक स्टेरॉइड. या घराण्यातलं कॉर्टिझोन 1948 मध्ये संधिवाताच्या रुग्णांना पहिल्यांदा दिलं गेलं आणि दोनच वर्षांत त्या कामाला नोबेल मिळालं. एवढी घाई का होती ते ज्यांनी याचा परिणाम पाहिला त्यांना कळेल. तिला वजनाच्या हिशोबाने मोठा डोस सुरू झाला आणि उजव्या कानाची रेघ थोडी वर आली. डावा कान हलला नाही. आतल्या कानात, गोगलगाईच्या शंखासारख्या अडीच वेढ्यांच्या नळीत, सुमारे 15 हजार केसपेशी असतात. आवाजाच्या लाटेचा विजेचा संदेश त्या करतात. कोंबडीच्या कानात या पेशी मेल्या तर नव्या उगवतात. माणसाच्या कानात उगवत नाहीत. म्हणून एकाएकी ऐकू येईनासं झालं तर पहिले दोन आठवडे सोन्याचे. डोळ्याची सूज चार दिवस उशिरा उतरली तरी नजर बहुधा परत येते. कानाला ती मुभा नाही. आमच्याकडे मे आणि जून मिळून ते आठवडे उन्हाच्या आणि टेन्शनच्या नावावर गेले.

स्टेरॉइडने तिचा चेहरा गोल झाला, भूक वाढली, रात्री झोप उडाली. नातेवाइकांनी 'तब्येत सुधारली' म्हटलं. गोळी अचानक बंद करायची नाही, हे डॉक्टरांनी तीन वेळा बजावलं, कारण शरीर स्वतःचं स्टेरॉइड बनवणं तोवर थांबवून बसलेलं असतं. मग प्रतिकारशक्ती दाबणारं दुसरं औषध, मेथोट्रेक्झेट, आलं. ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. रोज घेतली तर जिवावर बेतते. आम्ही रविवार धरला आणि कॅलेंडरवर लाल फुली केली. हे औषध चालू असताना गर्भ राहता कामा नये, हेही सांगितलं गेलं. आई जी दोन स्थळं मनात धरून होती ती तिनं स्वतःच बाजूला ठेवली. त्यावर घरात चर्चा झाली नाही.

सगळ्यात कमी बोललं जातं ते तोलाबद्दल. आतल्या कानात ऐकण्याच्या नळीला लागूनच तीन अर्धवर्तुळाकार नलिका असतात आणि शरीराचा तोल त्या सांभाळतात. दोन्ही बाजूंच्या त्या बिघडल्या की चक्कर थांबते, कारण भांडायला कुणी उरत नाही. पण चालताना सगळं जग वरखाली हलायला लागतं. दुकानाची पाटी थांबल्याशिवाय वाचता येत नाही. मग माणूस तोल सांभाळतो तो डोळ्यांच्या आणि पावलांच्या भरवशावर. आणि इथे हा आजार फार क्रूर होतो. डोळ्याची सूज उलटली की डोळ्याला अंधार हवा असतो. अंधार केला की पाय डळमळतात. उजेड केला तर डोळा टोचतो. मधल्या काळात ती घरात रंगीत चष्मा लावून भिंतीला हात टेकत चालायची. रात्री लाइन गेली की आम्ही सगळे जागेवरून ओरडायचो, "उठू नको!" आणि मग आठवायचं की तिला ते ऐकू जाणार नाही. आता तिच्या खोलीपासून न्हाणीघरापर्यंत बॅटरीवर चालणारे छोटे दिवे आहेत, लाइन गेली की आपोआप लागणारे. घरात असा कुणी असेल तर औषधांइतकंच हे महत्त्वाचं आहे.

ती बँकेत काउंटरवर काम करते. काच मध्ये, टोकनचा आवाज, पंखे, रांग. ओठ वाचायला ती स्वतःच शिकली. प, ब आणि म ओठांवर एकसारखे दिसतात, तिघांनाही ओठ मिटतात, हे तिनं मला आरशासमोर उभं करून दाखवलं. सात आणि साठ यांतला फरक जिभेच्या टोकावर असतो, बाहेरून दिसतच नाही, आणि कॅशच्या काउंटरवर त्या फरकाला किंमत आहे. त्यात नागपूर. इथला माणूस अर्धं वाक्य मराठीत आणि अर्धं हिंदीत बोलतो, मध्येच भाषा बदलली की ओठांवरचा सगळा अंदाज कोसळतो. तिला आधी भाषा ओळखावी लागते, मग शब्द. दुपारपर्यंत ती थकून जाते आणि लोकांना वाटतं बसून तर काम आहे.

डोळ्याला पट्टी होती तेव्हा माणसं हळवी झाली होती. हात धरून पायऱ्या उतरवत. ऐकू येत नाही कळल्यावर मात्र हसू आलं. आपल्याकडच्या किती नकला, किती गॅदरिंगमधल्या नाटुकल्या बहिऱ्या माणसाच्या उलटसुलट उत्तरांवर उभ्या असतात ते मला तेव्हा दिसलं. रांगेतल्या एका गृहस्थांनी तिच्यासमोरच शेजाऱ्याला डोळा मारला. तिला शब्द ऐकू आले नव्हते, डोळा दिसला होता. मला राग येतो, अजून येतो, आणि तो यावा असंच मला वाटतं. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यानं दोन्ही कानांत 70 डेसिबलची हानी म्हणजे बहिरेपण अशी स्पष्ट व्याख्या केली आहे, प्रमाणपत्र मिळतं, हक्क मिळतात. ते प्रमाणपत्र हाती आल्यावर शाखा व्यवस्थापकांनी आपणहून काउंटरवर पाटी लावली: रक्कम कृपया स्लिपवर लिहा. एवढ्याने तिचा निम्मा शीण गेला.

उजव्या कानात पुढे कॉक्लिअर इम्प्लांट बसवलं. श्रवणयंत्र आवाज मोठा करतं, पण मोठा करून पोचवायचा कुणाला, आतल्या पेशीच मेल्यावर? इम्प्लांटची तार शंखाच्या नळीत शिरते आणि मेलेल्या पेशींना वगळून थेट नसेला विजेचे ठोके देते. कोगनमध्ये नस बहुधा शाबूत राहते, म्हणून या रुग्णांना इम्प्लांटचा गुण चांगला येतो. एक धोका मात्र आहे. दाह होऊन गेलेली नळी आतून तंतूंनी आणि हाडाने भरत जाऊ शकते, मग तार शिरायला वाट उरत नाही. ज्या कानाची आशा संपली त्याचा निर्णय फार लांबवू नये तो यासाठी. डॉक्टरांनी सीटी आणि एमआरआय काढून वाट मोकळी असल्याची खात्री केली. खर्चासाठी पीएफमधून पैसे काढले आणि आईनं तिच्या पाटल्या मोडल्या. मी नको म्हटलं तर म्हणाली, "तिच्यासाठीच होत्या ना."

शस्त्रक्रियेनंतर काही आठवड्यांनी यंत्र सुरू केलं. आम्हाला वाटलं होतं की लगेच संवाद होईल. तिला पहिल्यांदा नुसत्या टिकटिकी ऐकू आल्या, मग सगळ्यांचे आवाज सारखे, पत्र्याचे. बाई कोण, पुरुष कोण कळेना. मेंदूला नवी लिपी शिकायला महिने लागतात. ती रोज वर्तमानपत्र मोठ्यानं वाचायची आणि मी समोर बसून तेच वाचायची, ओठांपुढे कागद धरून. पहिल्यांदा न बघता तिला जे पूर्ण कळलं ते वाक्य सोयाबीनच्या भावाबद्दलचं होतं. आम्ही दोघी रडलो.

आता मेथोट्रेक्झेट चालू आहे, स्टेरॉइड अगदी थोडं उरलं आहे. डोळा मधूनच लाल होतो, थेंबांनी ताब्यात येतो. वर्षाला एकदा इको. डाव्या कानाचं काय करायचं यावर घरात दोन पक्ष आहेत. डॉक्टर म्हणतात नळी अजून उघडी आहे, घ्यायचा तर निर्णय याच वर्षी घ्या. आई म्हणते, पुन्हा कापाकापी कायले? बहिणीनं वहीत प्रश्न लिहून ठेवले आहेत, कारण दवाखान्यात डॉक्टर मास्क लावून बोलतात आणि ओठ दिसत नाहीत. पहिला प्रश्न मास्कचाच आहे, तो खाली करून बोलाल का म्हणून. दुसरा, दोन्ही कानांत यंत्र बसलं तर आवाज कोणत्या बाजूने आला ते कळेल का, कारण वर्धा रोड ओलांडताना तिला तेच कळत नाही. परवा मी विचारलं, तुझं स्वतःचं काय मत? "मले दुसरा कान पाहिजे, ताई," ती म्हणाली. "पैशाचं काय ते तुम्ही दोघी पाहा, पण आईले तू समजाव. माझ्याशी ती हळू आवाजात भांडते."